काझीचा आवाज

ताश्कंद
१४ ऑक्टोबर १९९६

चि. नुरिद्दीन,

आधी सलाम, मग खुशाली, मग तक्रारी. आईने पत्राचा हा क्रम लावून दिला होता, तो मी मोडत नाही. तेव्हा सलाम. ओयदिनला आणि मुलींना माझे पापे. इथे सगळं ठीक आहे. अंगणातली द्राक्षं यंदा वेलावरच सुकली, तोडायला कोणाला सवड नव्हती. खरबुजं मात्र वेळेवर टांगली आहेत, ती वसंतापर्यंत टिकतील. बाबा बरे आहेत. घसा जरा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय. सत्तरीत असं काहीबाही चालायचंच.

तुझं मागचं पत्र ईदला आलं होतं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या. बायसूनला गारा पडल्या हे मला रेडिओवरसुद्धा कळलं असतं, मेल्या. मशिदीत तासभर बोलतोस म्हणे, मग बहिणीला लिहितानाच शाई संपते का?

आता तक्रारी. स्टुडिओत सध्या मोठं काम चाललंय, ऐतिहासिक चित्रपटाचं. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा समरकंद, त्यात बदरुद्दीन नावाचा तरुण खगोलशास्त्री, टेकडीवरची त्याची वेधशाळा, आणि ती पाडा म्हणून हुकूम देणारा म्हातारा काझी. काझी कोण झालंय ते तुला सांगायला नको. नाक मुरडू नकोस, पुढे वाच. चाळीस वर्षं पडद्यावर दुष्ट मुल्ला करणाऱ्या आपल्या बाबांना शेवटी बढती मिळाली, एवढंच समज.

उन्हाळ्यात त्यांचा प्रसंग चित्रित झाला. आमच्याकडचं तुला माहीत आहे. चित्रीकरणाच्या वेळी आवाज धरतच नाहीत, कॅमेरा इतका घरघरतो की धरून उपयोगही नसतो. नट नुसते ओठ हलवतात आणि आवाज मागाहून इथे खोलीत बसून भरायचा. मधे मी. पडद्यावरचे ओठ बघायचे आणि त्यांच्या मापाचे शब्द शिवायचे. ओठ मिटले तिथे मिटणारा शब्द, उघडले तिथे उघडणारा. शिंप्याचंच काम, गिऱ्हाईक तेवढं हलतं असतं.

तर काझी हुकूम देतो तो प्रसंग माझ्याकडे आला. कागदावर पानभर गडगडाट आहे. ‘अरे पाखंड्या! आकाशाचे दरवाजे ठोठावणाऱ्याचे हात झडोत!’ वगैरे. आणि पडद्यावर बाबा ओरडतच नाहीत. समोर तो पोरसवदा बदरुद्दीन उभा आहे, बाबा त्याच्याकडे बघतात आणि सावकाश काहीतरी बोलतात. कागदावरचं एक अक्षर त्या ओठांवर बसत नाही.

दिग्दर्शक शुहरत म्हणाला, "म्हातारबुवा संवाद विसरले. आकडे मोजले असतील, दुसरं काय!" ही आमची जुनी खोड आहे. शब्द आठवेना की नट तोंडातल्या तोंडात एक ते तीस मोजतो आणि चेहऱ्यावर राग आणतो. आवाज मागाहून येणारच असतो, मग कोण बघतंय! सगळे हसले. मीही हसले. मग शुहरतने सांगितलं की काझीला तुर्सुनबॉयचा आवाज देऊ. हा तुर्सुनबॉय टीव्हीवर कापसाच्या तोडणीची बातमीसुद्धा युद्ध पुकारल्यासारखी वाचतो. बाबांचं तोंड आणि त्यातून तुर्सुनबॉय! ही त्यांची शेवटची भूमिका आहे, नुरिद्दीन. पुढच्या वर्षी ते कोणाचं काम घेणार नाहीत. परका आवाज चिकटला की तो कायमचा चिकटला. डिसेंबरच्या मध्याला आवाजाची भरणी आहे, तोवर मला काहीतरी करायला हवं.

वीस वर्षं या कामात आहे, त्यामुळे नियम मला पाठ आहे. ज्याला जिंकवायचं त्याच्या तोंडी छोटी, स्वच्छ वाक्यं. ‘मी पाहिलं. मी मोजलं. मी खोटं सांगणार नाही.’ ज्याला हरवायचं त्याला ढगांचा गडगडाट. माझ्या टाइपरायटरवरचं उद्गारचिन्ह या मुल्लांनीच झिजवलंय. आपण लहान होतो तेव्हा तर आणखी सोपं होतं. पडद्यावरचा विद्वान रशियन बोलायचा, खोलीत एकटा असला तरी रशियनच, आणि मुल्ला आपलं उझबेक, तेही गावंढळ. आई विचारायची, "अक्कल काय फक्त रशियनमध्येच उगवते का गं?"

आता राज्य आपलं झालं. खगोलशास्त्री शाळेच्या नव्या पुस्तकासारखं शुद्ध उझबेक बोलतो. पण मग काझीने काय बोलायचं? तोही आपलाच, आणि आपल्या मुल्लांना आता नावं ठेवायची नाहीत. पटकथा तपासणाऱ्या समितीचे एक साहेब आले होते. चहाचा घोट घेत म्हणाले, "काझीला जरा परका हेल द्या. बाहेरून आलेला वाटला पाहिजे." म्हणजे पापसुद्धा आयात केलेलं! मी म्हटलं, "साहेब, सध्या आपलं कोणाशी बिनसलंय तेवढं सांगा, त्या देशाचा देते." शुहरतने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

म्हणून तुला विचारते. मी आजवर शेकडो मुल्लांना बोलायला लावलं, खऱ्याला कधी विचारलं नाही. तू खरा आहेस. असा हुकूम द्यायची वेळ आली तर खरा काझी कसा बोलला असता? एवढंच लिही. जुनं काही मी उकरून काढत नाही.

बाबांनी सलाम सांगितलाय असं लिहिणार होते. त्यांनी काही सांगितलेलं नाही, पण मी लिहायला बसले तेव्हा ते दारात येऊन उभे होते.

तुझी आपा,
मुनव्वर


ताश्कंद
११ नोव्हेंबर १९९६

नुरिद्दीन,

तुझं पत्र मिळालं. पूर्ण एक पान, आणि हवामानाचा एक शब्द नाही! मी ते तीनदा वाचलं.

तू लिहितोस की ज्याच्या हातात हुकूम असतो त्याला ओरडायची गरज पडत नाही, ओरडतो तो ज्याचं कोणी ऐकत नाही. आणि काझी गणिताचा वैरी असूच शकत नाही, कारण वारसांच्या वाटण्या अपूर्णांकांशिवाय होत नाहीत आणि नमाजाची वेळ सूर्य पाहिल्याशिवाय कळत नाही. दोघांच्या फडताळात पुस्तकं बहुतेक तीच असणार. हे वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. वीस वर्षांत माझ्या एकाही मुल्लाच्या घरात मी पुस्तक ठेवलं नाही.

मी ते शुहरतला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "फार छान. पण प्रेक्षकाला झटक्यात कळलं पाहिजे ना, कोणाच्या बाजूने बसायचं ते! दोघंही शहाणे निघाले तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील." उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण मनाने वाईट नाही.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मात्र मी कोणाला वाचून दाखवली नाही. ‘बाबांना सांग, चाळीस वर्षं ज्या आवाजात देवाच्या माणसांची टवाळी केली, त्याच आवाजात हेही उरकून टाका.’

ते त्यांना उरकता येणार नाही. बाबांना आवाज नाही, नुरिद्दीन.

घसा बसलाय असं मी लिहिलं ते खोटं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. घशात गाठ होती, सबंध कंठच काढून टाकला. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात आणि वर पांढरा रुमाल बांधतात. बोलायचं असलं की पाटीवर खडूने लिहितात. लोकांचे होशिम-आका, आपले बाबा, बाजारातून चालले की निम्मा बाजार ज्या आवाजाने वळून बघायचा, तो गेला. आता भाजीवाली त्यांना मोठमोठ्याने बोलते, जसं काही ते बहिरे झालेत. ते हसतात. हसण्याचाही आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुला कळवू नकोस असं त्यांनी मला बजावलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आवाज होता तेव्हाच. "दया येऊन आलेला मुलगा मला नको. मनात येईल तेव्हा येईल, नाहीतर राहील." मी शब्द दिला होता, तो आज मोडते आहे. मोडल्याचं पाप माझ्या खात्यावर लिही, तुम्हा लोकांना ते जमतं.

आता जे आपण दोघांनी अकरा वर्षं टाळलं ते लिहून टाकते. तुझ्या लग्नात निकाह नुकताच लागला होता, पुलावाची ताटं पंगतीत आली होती, आणि बाबांच्या स्टुडिओच्या टोळक्याने आरडाओरडा केला, "होशिम-आका, मुल्ला करा! मुल्ला!" बाबा उठले. पंगतीत अंथरलेलं दस्तरखानाचं कापड डोक्याला गुंडाळलं आणि नेहमीची नक्कल केली, ती खोटी अरबी, ते डोळे फिरवणं, ती दाढी ओढणं. लोक हसून लोळले. तू मदरशात शिकत होतास, सोव्हिएत काळात, जेव्हा तिथे शिकणं म्हणजे आयुष्यावर पाणी सोडणं होतं. तू ओयदिनचा हात धरलास आणि पुलावाला न शिवता निघून गेलास. भरल्या ताटावरून नवरदेव उठला! मोहल्ल्यात अजून बोलतात.

मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणते, तुझी चूक नव्हती. पण तुला एक माहीत नाही. त्यानंतर बाबांनी कुठल्याही लग्नात ती नक्कल केली नाही. लोकांनी हाताला धरून ओढलं तरी नाही. आणि तीन वर्षांपूर्वी ‘तेरमेझला मित्राकडे जातो’ म्हणून गेले, ते बायसूनला आले होते. शुक्रवारी तुझ्या मशिदीच्या अंगणात सगळ्यांच्या मागे, जोड्यांपाशी उभे राहून तुझं प्रवचन ऐकलं आणि तसेच परतले. मला एवढंच म्हणाले, "ओरडत नाही तो. चांगलं बोलतो." भेटला का नाहीत म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय म्हणून भेटू? मुल्ला म्हणून?"

आता ओठांबद्दल. तो प्रसंग मी यंत्रावर फिरवून फिरवून पाहिला. आधी आकडे लावून बघितले. पहिल्या आकड्यालाच, ‘बिर’च्या ‘ब’ला, ओठ बरोबर मिटले, मला वाटलं, शुहरतचं खरं. पण पुढचा एकही आकडा बसेना. आकडे मोजणारा माणूस ठेक्यात मोजतो, आणि बाबा मधेच थांबत होते, विचार करत होते. मग मी आरसा घेऊन बसले. त्यांच्यासारखे ओठ हलवायचे आणि आतून कुठला शब्द येतो ते बघायचं. दोन आठवडे हेच. शेजारणीला वाटलं माझ्या तोंडावरून वारं गेलं.

सगळ्यात आधी सापडला तो पहिला शब्द. बोलाम. लेकरा. कागदावर ‘अरे पाखंड्या’ होतं, आणि बाबा त्या खगोलशास्त्र्याला लेकरा म्हणत होते. एक टोक हाती आलं, मग बाकीचं उलगडत गेलं. ते असं आहे:

‘लेकरा, तुझं गणित मी तपासलं. पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडत नाही. चूक सापडली असती तर तुला समजावलं असतं, घरी जेवायला नेलं असतं. सापडत नाही म्हणून भीती वाटते. म्हातारा माणूस भीती वाटते असं सांगत नाही, लेकरा. तो हुकूम देतो.’

एवढंच. मी ते घरी आणून त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, हेच ना?" त्यांनी पाटी घेतली, खडू उचलला, मग खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. शेवटी वळून लिहिलं, ‘जे बसेल ते लाव.’

बदरुद्दीनला उद्देशून ते नाही, हे मला कळलं. तुलाही कळेल. पडद्यावर म्हातारा श्रद्धेच्या बाजूचा आणि पोरगा गणिताच्या. आपल्या घरात नेमकं उलटं. बापाला पोराची नमाज कळली नाही, तिच्यात चूकही काढता येईना, आणि तो घाबरला. हुकूम द्यायला हाती सत्ता नव्हती, म्हणून नक्कल केली. चारचौघांत माफी मागता येत नाही आणि चौघे नसले की धीर होत नाही. शेवटी कॅमेऱ्यासमोर मागितली, तीही आवाज नसलेल्या कॅमेऱ्यासमोर. असला हा आपला बाप.

शुहरतला मी सांगितलं की हे शब्द ओठांवर चपखल बसतात, दुसरे बसणारच नाहीत. तो वैतागला, पण ओठ खोटं बोलत नाहीत हे त्यालाही माहीत आहे. म्हणाला, "ठीक आहे. पण तुर्सुनबॉय हे म्हणेल तर लोक हसतील." मी म्हटलं, "तुर्सुनबॉय नाही. माझा भाऊ."

हो, मी बोलून बसले आहे. तुझा आवाज हुबेहूब त्यांचा आहे. फोनवर तुला बाबा समजून लोक कामं सांगायचे आणि तू ‘बरं बरं’ म्हणायचास, ते विसरलास का? इमामाने सिनेमात आवाज दिला तर जमात काय म्हणेल, हे मला कळतं. त्यांना काय सांगायचं ते तूच ठरव, तू त्यांना रोजच काहीतरी सांगतोस. भरणी १६ डिसेंबरला, सोमवारी, सकाळी आहे. तू आला नाहीस तर तुर्सुनबॉय येईल आणि बाबांचे शब्द पडद्यावर हास्यास्पद होतील. शब्द तेच राहतील, पण कोणाला ते खरे वाटणार नाहीत.

दया येऊन येऊ नकोस. राग असला तर रागाने ये. पण ये.

मुनव्वर


ताश्कंद
१९ डिसेंबर १९९६

प्रिय नुरिद्दीन,

सलाम. सुखरूप पोचला असशील. घाटात बर्फ होतं असं रेडिओ सांगत होता, आणि या वेळी मी हवामान कान देऊन ऐकलं.

तू आलास. स्टुडिओच्या दारात तुला पाहिलं. तुझी दाढी इतकी पांढरी कधी झाली? काय काय घडलं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. पण भरणीच्या खोलीत काचेच्या आत तू होतास आणि बाहेर आम्ही, तेव्हा माझ्या बाजूने सांगू दे. नाहीतर मला झोप यायची नाही.

आधी तुझी आणि बाबांची ती भेट. तू छातीवर हात ठेवून सलाम केलास, त्यांनीही हात ठेवून घेतला. मग दोघं त्या लांब बाकावर बसलात, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरा बोलत नव्हता. मी नान आणि सोमसे मधे आणून ठेवले तर दोघांनी एकाच वेळी हात पुढे केला आणि एकाच वेळी मागे घेतला. मला हसू आवरेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला!

मग तू शुहरतशी घातलेला वाद. मला वाटलं होतं तू काझीला पाठीशी घालशील. मुल्लाच मुल्लाला सांभाळणार, असं शुहरतही समजून बसला होता. आणि तू म्हणालास, "हळू बोलेन, पण गोड बोलणार नाही. लोकांनी त्याला माफ करता कामा नये. भीती वाटली म्हणून काय झालं? वेधशाळा पाडलीच ना त्याने?" शुहरतने आ वासला. मग तुला विचारलं, "पण मौलवीसाहेब, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" तू म्हणालास, "ज्याची वेधशाळा पडली त्याच्या." हे तू बाबांकडे न बघता म्हणालास. बाबांनी ते ऐकलं आणि मान हलवली, हो म्हणून. ते तू पाहिलंस की नाही, मला ठाऊक नाही.

तू तसंच बोललास. कोरडं, सावकाश, पहिल्याच खेपेला. ‘लेकरा, तुझं गणित मी तपासलं.’ मी ओठांकडे बघत होते, कामच ते. एक अक्षर पुढेमागे नाही. पडद्यावर बाबा बोलत होते आणि बाबांचाच आवाज येत होता, जसा तो पन्नाशीत होता. माझ्या शेजारच्या खुर्चीत बाबा गळ्यावरचा रुमाल मुठीत धरून बसले होते.

आणि मग तो शेवटचा तुकडा, जिथे काझी वळून चालू लागतो आणि नुसती पाठ दिसते. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही बसतं, म्हणून तिथे शुहरतने शाप राखून ठेवला होता. ‘देवाचा कोप होवो तुझ्यावर!’ तू कानावरचं यंत्र काढून म्हणालास, "रागात देवाचं नाव मी घेत नाही." शुहरत म्हणाला, "मग गप्प राहा, पाठच आहे." तू यंत्र परत चढवलंस. पाठ आली, चार पावलं गेली, आणि तू म्हणालास:

‘राजी व्हा.’

शुहरत ताडकन उठला, "हे कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, "पाठीवर बसतं." तो म्हणाला, "समितीला काय सांगू?" मी म्हटलं, "विचारा त्यांना, तुमच्या आजोबांनी शेवटचा निरोप घेताना कधी ‘काही कमीजास्त झालं असेल तर मनात ठेवू नका, राजी व्हा’ म्हटलं नव्हतं का? आणि समोरचा ‘राजी आहे’ म्हणेपर्यंत कोणी उंबरा ओलांडतो का आपल्यात? काझी काय रीत मोडून जाईल?" शुहरतने डोकं खाजवलं. मग खाली बसला आणि हळूच म्हणाला, "असू दे. राहू दे." त्याचे वडील उन्हाळ्यात गेले, हे मला नंतर आठवलं.

तू बाहेर आलास, टोपी सारखी केलीस, दुपारची गाडी गाठायची म्हणालास. पुन्हा छातीवर हात, पुन्हा सलाम. आणि गेलास. मला तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू? जेवून तरी जायचंस. तुझी ती खोड काही जात नाही.

पण आज राग म्हणून लिहीत नाही. तू यंत्र कानाला लावून पडद्याकडे तोंड करून उभा होतास, काचेकडे तुझी पाठ होती. म्हणून तुला दिसलं नाही. तू ‘राजी व्हा’ म्हणालास तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. काचेजवळ गेले, हात काचेला टेकवले आणि बोलले. पाटी खुर्चीवरच राहिली होती. आवाज नव्हता, नुसते ओठ, ते मला काचेत उमटलेले दिसले. खोलीत बाकी कोणाचं लक्ष नव्हतं, आणि असतं तरी कोणाला काही कळलं नसतं. माझी उभी हयात ओठ वाचण्यात गेली आहे, नुरिद्दीन, मी चुकले नाही.

ते म्हणाले, ‘राजी आहे, लेकरा.’ मग श्वास घेतला, त्यांना आता मधे थांबून घ्यावा लागतो, आणि म्हणाले, ‘तू राजी आहेस का?’

तू वळला नाहीस. तुला ऐकू जाण्यासारखं काही नव्हतंच. ते थोडा वेळ तुझ्या पाठीकडे बघत उभे राहिले, मग परत येऊन बसले. त्यांना वाटतंय की तू काचेतून पाहून न पाहिल्यासारखं केलंस. मी समजावलं, "बाबा, त्याची पाठ होती, त्याला दिसलं नाही." पाटीवर त्यांनी लिहिलं, ‘असू दे.’ पण तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. काल डॉक्टर येऊन गेले. पूर्वी हे खाऊ नका, ते पिऊ नका म्हणून मोठी यादी सांगायचे. काल मला दाराशी नेऊन म्हणाले, "आता मागतील ते द्या."

मागण्यासारखं त्यांनी एकच मागितलंय, ते मी तुला पोचवलं.

याचं उत्तर मला लिहून पाठवू नकोस. त्यांचा आवाज गेलाय, नुरिद्दीन, कान शाबूत आहेत.

तुझी वाट बघणारी,
मुनव्वर आपा